रानातील वाट कोणाला विचारून बंद करायची?

२०२४ च्या पावसाळ्यात खानापूर तालुक्यातील आमगावच्या एका आजारी स्त्रीला गावकऱ्यांनी लाकडे बांधून केलेल्या डोलीत घातले आणि भर पावसात, रानातून खांद्यावर वाहून रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचविले. ते वृत्त वाचून सर्वत्र हळहळ व्यक्त झाली. परंतु हळहळीने रस्ता होत नाही. आमगाव भीमगड अभयारण्यात आहे. आणि अभयारण्यातील वाट दुरुस्त करावयाची, आहे तशी ठेवावयाची की कायमची बंद करावयाची, हा निर्णय त्या वाटेने चालणाऱ्यांच्या हाती नाही. आमच्या मते खरा प्रश्न येथेच आहे.

भीमगड हे गोमंतकीयांना परके रान नव्हे. आमची म्हादई याच रानात, देगावच्या परिसरात उगम पावते. सुमारे १९० चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र डिसेंबर २०११ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. येथील बारापेडे गुहांतील दुर्मिळ वटवाघळांची कीर्ती जगभरच्या अभ्यासकांत आहे. याच रानात गवाळी, कोंगळा, पास्टोली, देगाव, आमगाव ही मराठी बोलणारी गावे अभयारण्याच्या घोषणेपूर्वीपासून नांदत आहेत. त्यांच्या वाटा पावसाळ्यात ओढ्यांखाली जातात आणि पक्क्या रस्त्याची मागणी वनकायद्याकडे बोट दाखवून परत येते.

वनखात्याचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. रानात डांबरी रस्ता गेला की त्यामागून लाकूडचोराचा ट्रक जातो, शिकाऱ्याची जीप जाते आणि धबधब्यावर बाटल्या फोडणारी मंडळीही जातात. वेगाने धावणाऱ्या वाहनाखाली प्राणी मरतात. रस्त्याने रानाचे दोन तुकडे होतात. ज्याला म्हादईचे पाणी हवे, त्याला तिच्या उगमावरचे रान राखावेच लागेल. गोव्याने तरी हे विसरता कामा नये.

परंतु ‘रस्ता की रान’ असा दुपेडी प्रश्न घालणे ही सोयीची फसवणूक आहे. चार पदरी हमरस्ता वेगळा आणि रुग्णवाहिका जाईल एवढी वाट वेगळी. ओढ्यावर एक साकव, दोन-चार मोऱ्या, चढावर दगडी सोलिंग आणि वाटेच्या तोंडाशी फाटक, एवढ्याने कित्येक गावांचा पावसाळा सुसह्य होईल. बंदीपूर व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. रुग्णवाहिकेला मात्र वाट मोकळी असते. जे कर्नाटक राज्य महामार्गाला असा नियम लावू शकते, त्याला खेड्याच्या वाटेसाठी मधला मार्ग सापडू नये, हे पटण्यासारखे नाही.

कायदाही येथे मुका नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने रस्त्यासह तेरा सार्वजनिक सोयींसाठी, प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन देण्याची तरतूद केली आहे. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे पडू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, या त्याच्या अटी. एक हेक्टर म्हणजे किती? तीन मीटर रुंदीची वाट धरली तर तीन किलोमीटरहून थोडी अधिक. तेवढ्या वाटेने रान उजाड होत नाही. रुग्ण मात्र वाचू शकतो. कायद्याने ग्रामसभेला प्रारंभीचा शब्द दिला आहे. तो तिच्याकडून ऐकून घेण्याची तसदी कोण घेतो, एवढेच विचारणे उरते.

दुसरा उपाय म्हणजे गावच उठविणे. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना प्रत्येकी १५ लाख रुपये देऊन रानाबाहेर वसविण्याचे काम सुरू झाले. जे स्वखुशीने बाहेर पडतात त्यांना आमच्या शुभेच्छा आहेत. मात्र वर्षानुवर्षे वाट नाकारावयाची, शाळा-दवाखाना दुर्लभ करावयाचा आणि मग कंटाळलेल्या माणसापुढे संमतीचा कागद धरावयाचा, याला स्वखुशी म्हणता येत नाही. जो राहू इच्छितो त्याला राहण्याजोगी वाट मिळाली, तरच जाणाऱ्याची संमती खरी ठरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रानातील कोणतीही वाट बंद करण्यापूर्वी वा बांधण्यापूर्वी त्या गावात जाऊन सभा घ्यावी. ती पावसाळ्यात घ्यावी, म्हणजे अधिकाऱ्यांनाही ओढा किती चढतो हे कळेल. नकाशा भिंतीवर लावावा आणि नोटीस गावाच्या भाषेत असावी. कायदा प्रादेशिक भाषेतील जाहीरनाम्याची गोष्ट करतो. परंतु सीमाभागात राजभाषा कन्नड आणि गाव मराठी. न समजलेल्या नोटिशीवर हरकत कोण घेणार? वनहक्काच्या नियमांनी ग्रामसभेत निम्म्या सभासदांची उपस्थिती आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश स्त्रिया आवश्यक मानल्या आहेत. तो नियम कागदावर राहू नये; कारण प्रसूतीच्या वेळी डोलीत कोणाला बसावे लागते, हे स्त्रियांइतके कोणी जाणत नाही. आणि सभेचे म्हणणे अमान्य केले, तर त्याची कारणे लेखी कळवावीत.

हे आम्ही केवळ शेजाऱ्याला सांगत नाही. १९९९ मध्ये घोषित झालेल्या म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांतही आपली गावे आहेत आणि तेथेही हाच प्रश्न उभा आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावलीच्या रानात चार वाघ विषाने मेले. त्या कृत्याचे समर्थन होऊच शकत नाही. परंतु रान आणि गाव यांच्यात वैर माजले की काय घडते, याचा तो दाखला आहे. रानाचा पहिला राखणदार रानातला माणूसच असतो. त्याला विचारून घातलेले फाटक तो स्वतः राखील. न विचारता घातलेल्या फाटकाचे कुलूप किती दिवस टिकेल, याचा विचार दोन्ही राज्यांच्या सरकारांनी वेळीच करावा.