मेजे वाढली, मिळकत नव्हे

रँडी ल्यू या अमेरिकी खेळाडूने जानेवारी २०१२ मध्ये बहामा बेटांवर एक विक्रम केला. संगणकाच्या पडद्यावर अनेक मेजे एकाच वेळी मांडून तो आठ तासांत ऑनलाइन पोकरचे २३,४९३ डाव खेळला. मिनिटाला सुमारे ४९ डाव! या अचाट खटाटोपाची निव्वळ मिळकत होती अवघी ७ डॉलर ६५ सेंट.

विक्रमासाठी केलेल्या खेळावरून धंद्याचे गणित मांडू नये, हा आक्षेप ग्राह्य आहे. तथापि अनेक मेजांमागील तर्क तोच असतो : दर डावामागे नफा अल्प असला, तरी डावांची संख्या वाढवावी. कारखान्याला लागू पडणारा हा नियम येथे लंगडा पडतो. मेजे वाढली की प्रत्येक निर्णयाला मिळणारा अवधी घटतो, प्रतिस्पर्ध्याची पारख सुटते आणि ज्या कौशल्यावर नफ्याची आशा धरली तेच क्षीण होते. मुळात तोट्यात खेळणाऱ्याचा तोटा तर अधिकच वेगाने वाढतो.

खेळाडूंची आपापसांतील हारजीत शून्यावर मिटते. त्यातून मेज चालविणारा आपला वाटा, म्हणजे जुन्या अड्ड्यांवरील ‘नाल’, कापून घेतो. साहजिकच सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज उणे होते. जितके डाव अधिक, तितकी नाल अधिक.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये केला, हे योग्यच झाले. परंतु झटपट मिळकतीचा मोह केवळ कायद्याने जात नाही. त्यासाठी हा हिशेब महाविद्यालयाच्या फळ्यावरही मांडला गेला पाहिजे.