अँटी-रेडिएशन चिप नेमके काय अडवते?

मोबाईलच्या पाठीला चिकटवायची ‘अँटी-रेडिएशन’ चिप, आतून धातूच्या धाग्यांचे अस्तर लावलेले कव्हर, गळ्यात घालायचे लॉकेट, गरोदर बाईने पोटावर घ्यायचे कापड, या सगळ्या वस्तू एकाच आश्वासनावर विकल्या जातात. फोनच्या लहरी शरीराला अपाय करतात आणि ही वस्तू त्या अडवते, हे ते आश्वासन. त्यात दोन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. लहरींपासून अपाय किती होतो, हा एक. आणि वस्तू त्या लहरी खरोखर अडवते का, हा दुसरा. विक्रेता पहिल्याची भीती घालतो आणि दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरायला लावतो. म्हणून दोन्हींची तपासणी वेगवेगळी व्हायला हवी.

भीतीला काहीच आधार नाही, असे म्हणता येत नाही. 31 मे 2011 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा 2बी गटात घातल्या. भारत सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. फोनसाठी ‘एसएआर’, म्हणजे शरीरात मुरणाऱ्या ऊर्जेचे माप, किलोला 1.6 वॅट इतके बांधून दिले. मात्र 2बी गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे एवढाच होतो. याच संघटनेने करवून घेतलेला आढावा 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 1994 ते 2022 या काळातले 63 अभ्यास तपासले गेले आणि मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. क्ष-किरणांप्रमाणे रेणू तोडण्याची ताकद या लहरींत नसते. ऊती किंचित तापणे हा त्यांचा निर्विवाद परिणाम आहे आणि मर्यादाही त्यावरूनच ठरल्या आहेत. तरीही ज्याला सावध राहावेसे वाटते, त्याला कोणी वेड्यात काढू नये. प्रश्न त्याच्या सावधपणाचा नाही, त्याला विकल्या जाणाऱ्या वस्तूचा आहे.

फोन किती जोराने लहरी सोडतो, हे त्या फोनवर कमी आणि टॉवरवर जास्त अवलंबून असते. टॉवर फोनला सतत सांगत असतो, जोर वाढव किंवा कमी कर. 900 मेगाहर्ट्झच्या जुन्या टूजी फोनचा जोर एखाद्या क्षणी 2 वॅटपर्यंत जाऊ शकतो आणि रेंज चांगली असेल तर काही मिलिवॅटपर्यंत उतरतो. फोरजी फोनचा कमाल जोर साधारण 0.2 वॅट असतो आणि तोही जवळ टॉवर असेल तर कितीतरी पटींनी घटतो. अहिल्यानगर शहरात सावेडीसारख्या दाट वस्तीत हा जोर बहुतेक वेळ खालच्या पायरीवर राहतो. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघर किंवा रतनवाडीकडे गेले की डोंगर आडवे येतात, रेंजची एखादीच काडी दिसते आणि तोच फोन पूर्ण ताकदीने टॉवरला हाका मारू लागतो. घरावर टॉवर नको म्हणून भांडणाऱ्या वस्तीच्या ध्यानात ही गोष्ट क्वचितच येते, की टॉवर दूर गेला तर कानाला लावलेल्या फोनचा जोर वाढतो. आणि शरीराला मिळणाऱ्या लहरींत मोठा वाटा टॉवरचा नसतो, कानाजवळच्या फोनचा असतो.

हे ध्यानात घेतले की लहरी अडवणाऱ्या शिल्डचा दावा आपल्याच पायात अडकतो. बोलणे पोचते ते लहरींमुळेच. चिपने लहरी अडवल्या तर फोन लागणार नाही. फोन नीट लागत असेल तर चिपने काही अडवलेले नाही. ही परीक्षा घरीच करता येते. फोन स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये फट न ठेवता गुंडाळला की रेंज फार घटते किंवा जातेच. आता नाण्याएवढी चिप पाठीला लावून फोन करावा. काड्या आहेत तेवढ्याच राहतात. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे 33 सेंटीमीटर असते आणि अँटेना फोनच्या कडांना पसरलेल्या असतात. दोन सेंटीमीटरचा तुकडा त्यांच्या वाटेत आडवा येणार तरी कसा?

धातूचे अस्तर असलेल्या कव्हरचा युक्तिवाद थोडा बरा आहे. कानाच्या बाजूला धातूचा पडदा असला तर तेवढ्या दिशेने लहरी कमी जाऊ शकतात. पण तोच पडदा अँटेनाच्या कामात अडथळा आणतो, मग फोन जोर वाढवतो. ‘99 टक्के रोखते’ असे प्रमाणपत्र दाखवले जाते, ते पुष्कळदा कापडाच्या सुट्या तुकड्याचे असते. कव्हर घातलेल्या, चालू फोनचे नसते.

काही विक्रेते मीटर लावून प्रात्यक्षिक दाखवतात. फोन लावला जातो, मीटरचा आकडा चढतो, मग चिप चिकटवली जाते आणि आकडा पडतो. ग्राहक चकित होतो. खरे कारण असे, की फोन जोडला जाताना जोर जास्त असतो आणि जोडणी झाली की टॉवरच्या सांगण्यावरून तो आपोआप उतरतो. चिप न लावता तेवढाच वेळ थांबले असते तरी आकडा पडलाच असता. हातातला मीटर दोन बोटे मागे सरकला तरी तो पडतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी चिप लावून मग काढून, हेच प्रात्यक्षिक करायला सांगावे आणि पाहावे. ‘लहरी अडत नाहीत, पण निरुपद्रवी होतात’ असा दावा असेल तर तो कशाने मोजायचा हे विक्रेत्याने सांगायला हवे. ते त्याला सांगता येत नाही.

ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाचे अध्यक्ष वल्लभभाई कथिरिया यांनी शेणापासून केलेली चिप मोबाईलचे रेडिएशन कमी करते, असे जाहीरपणे सांगितले. चारशेहून अधिक वैज्ञानिकांनी पत्र लिहून साधे प्रश्न विचारले: प्रयोग कुठे झाला, कोणी केला, कुठे प्रसिद्ध झाला? पदाच्या अधिकाराने केलेला दावाही मोजमापाशिवाय पोकळच राहतो, हे त्या प्रश्नांनी स्पष्ट केले.

‘उपयोग नसेल, पण लावली तर बिघडले काय?’ हा शेवटचा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. पुष्कळ बिघडते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2002 मध्ये अशी शिल्डे विकणाऱ्या दोन कंपन्यांवर कारवाई केली. शिल्डमुळे सिग्नलला अडथळा येऊन फोन उलट जास्त लहरी सोडू शकतो, असा या कमिशनचा ग्राहकांना इशारा आहे. घाटघरच्या माणसाला हा तोटा सावेडीतल्या माणसापेक्षा जास्त, कारण त्याची रेंज मुळातच तोकडी. डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाला ‘फाइव्ह-जीपासून संरक्षण’ म्हणून विकली जाणारी दहा उत्पादने चक्क किरणोत्सारी आढळली. शिवाय चिप लावली म्हणून निर्धास्त झालेला माणूस फोन उशीखाली घेऊन झोपतो, हे नुकसान वेगळेच.

खरा उपाय फुकट आहे आणि तो अंतराचा आहे. फोनपासूनचे अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. वायरचे इअरफोन किंवा स्पीकर वापरला की डोके फोनपासून वीतभर तरी दूर जाते आणि कोणत्याही चिपला न साधणारी घट तेवढ्याने होते. रेंज नसेल तिथे लांबलचक बोलणे टाळावे, मेसेजवर भागवावे. धावत्या एसटीतही हेच. झोपताना फोन उशीपासून दूर ठेवावा. *#07# दाबले की बहुतेक फोन आपला एसएआर दाखवतात. नवा फोन घेताना तो पाहता येतो. टॉवरबद्दल शंका असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणी मागता येते.

फसवणुकीविरुद्ध कायदाही हाताशी आहे. अहिल्यानगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतो, त्याच खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये हनुमान चालिसा यंत्रासारख्या वस्तूंची चमत्कारी गुणांच्या नावाने टीव्हीवर जाहिरात करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा ठरवले. रेडिएशनची चिप विज्ञानाची भाषा बोलते, चमत्काराची नाही. त्यामुळे तिच्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, 2019 जास्त उपयोगी. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास 50 लाखांपर्यंत दंड करू शकते. चिप दिल्लीच्या कंपनीकडून ऑनलाइन मागवली असली तरी अहिल्यानगरच्या ग्राहकाला तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क पडत नाही. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग तिचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्यासाठी बिल, खोका आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ग्राहकाने जपून ठेवलेला असावा.