‘हरित ठेवी’चा हिशेब ठेवीदारालाही द्या




मुदत ठेव ठेवायला शाखेत गेले की हल्ली ‘हरित ठेव’ही सुचवली जाते. सौरऊर्जा, स्वच्छ वाहतूक, सांडपाणी प्रक्रिया अशा कामांसाठी पैसा उभा राहत असेल तर त्याला कोण नाही म्हणेल? पण सध्याचा मामला पाहता झीज सोसायची ठेवीदाराने आणि पाठ थोपटून घ्यायची बँकेने, असे चालले आहे.

स्टेट बँकेचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२४ मध्ये तिने ११११, १७७७ आणि २२२२ दिवसांच्या हरित ठेवी आणल्या, तेव्हा त्यांचा व्याजदर नेहमीच्या ठेवींपेक्षा ०.१० टक्क्याने कमी होता. म्हणजे पाच लाखांमागे वर्षाला साधारण पाचशे रुपये कमी. चांगल्या कामासाठी एवढे सोडायला पुष्कळ लोक तयार होतील. पण मग आपला पैसा गेला कुठे, हे त्यांना कळायला नको का? मी माझ्या शाखेत (ही बँक वेगळी) असे विचारले, तर साहेबांनी माहितीपत्रक पुढे सरकवले आणि म्हणाले, “बाकी सगळं वेबसाइटवर आहे.”

हरित ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेची १ जून २०२३ पासून लागू झालेली चौकट कागदावर कडक आहे. कोळसा, तेल, अणुऊर्जा, दारू, तंबाखू, शस्त्रे यांना या ठेवींतला पैसा देता येत नाही. २५ मेगावॉटपेक्षा मोठा जलविद्युत प्रकल्पही त्यात बसत नाही. आपला कोयना जलविद्युत प्रकल्प आज नव्याने उभारायचा ठरला तरी त्याला हा पैसा मिळणार नाही. दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून पडताळणीही करून घ्यावी लागते. मात्र पैसा हरित कामांत गुंतवला नाही तर दंड नाही, असा खुलासा रिझर्व्ह बँकेनेच केला आहे. देखरेखीत विचारणा होईल, एवढेच.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. हा सारा हिशेब फक्त हरित ठेवींपुरता. तुमच्या-माझ्या बाकीच्या ठेवींतून, बचत खात्यांतून कोणाला कर्ज जाते, हे सामान्य ठेवीदाराला कळत नाही. कागदविरहित पासबुक, शाखेच्या छतावरचे सौर पॅनेल, वृक्षारोपणाचे फोटो यांवरून बँकेची जबाबदारी जोखायची नसते. ती तिच्या कर्जवाटपात दिसते. मोठ्या औष्णिक प्रकल्पासाठी चार बँका एकत्र येऊन कर्ज देतात. उलट ठिबक सिंचनाचे अनुदान खात्यात पडेपर्यंत शेतकरी मात्र दुकानदाराच्या उधारीवर दिवस काढतो. पाणी वाचवणाऱ्या या माणसाला दोन-चार महिन्यांचे सुलभ कर्ज देणे, हेही हरित अर्थसाहाय्यच नव्हे काय?

कोळशाची कर्जे उद्याच बंद करा, असे माझे म्हणणे नाही. देशाची बहुतांश वीज अजून कोळशावरच निघते आणि चंद्रपूर, कोराडीत हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण बँकेने किती पैसा कशात गुंतवला आहे आणि पुढच्या पाच वर्षांत हे प्रमाण कसे बदलणार, हे उघड सांगायला काय अडचण आहे? भांडवल बाजाराची नियामक असलेल्या ‘सेबी’च्या नियमानुसार मोठ्या सूचिबद्ध बँका शाश्वततेचा अहवाल काढतात, तो इंग्रजीत आणि पानेच्या पाने भरून असतो. पेन्शनवर जगणारा ठेवीदार तो वाचणार कधी?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक बँकेने वर्षातून एकदा मराठीत, एका पानावर सांगावे: शंभर रुपयांच्या कर्जातले कोळसा-तेलाला किती, सौर-पवनऊर्जेला किती, शेतीला किती, आणि हरित ठेवींतला किती पैसा अजून गुंतवायचा राहिला आहे. व्याजदराचा तक्ता प्रत्येक शाखेत लागतोच. त्याच्या शेजारी हा एक कागद लावायला जागा कमी पडू नये. तोवर कमी व्याज घेऊन हरित ठेव ठेवा, असे निदान ज्येष्ठ नागरिकांना तरी सांगू नये.

आपला,
एक ठेवीदार, सोलापूर