खरेदीतील काटकसर : पेरणीपूर्वीचे पहिले काम

शेतमालास रास्त भाव मिळावा ही मागणी सर्वत्र ऐकू येते आणि ती योग्यच आहे. परंतु शेतीच्या जमाखर्चास दुसरीही एक बाजू आहे. विक्रीचा भाव शेतकऱ्याच्या हाती क्वचितच असतो. खरेदीचा निर्णय मात्र पुष्कळ अंशी त्याच्याच हाती असतो. असे असूनही या बाजूचा विचार फारसा होत नाही. बैल विकत घ्यावयाचा असला म्हणजे जो शेतकरी चार बाजार हिंडतो, दात पाहतो, चाल पाहतो, तोच शेतकरी बियाणे व खते मात्र दुकानी जे मिळेल ते, सांगितलेल्या दराने उचलून आणतो. त्याचे जे नुकसान होते त्यास तीन कारणे आहेत : उशीर, एकाकीपणा आणि उधारी.

मृगाचा पाऊस पडला की सारा तालुका एकाच आठवड्यात बाजारात उतरतो. हवे ते वाण संपलेले असते. वापसा निघून जाईल या धास्तीने घासाघीस करण्यासही सवड नसते. खताच्या पोत्याबरोबर नको असलेली एखादी बाटली किंवा पुडी गळ्यात पडते ती याच वेळी. अशा सक्तीच्या जोडविक्रीस शासनाची मनाई आहे. परंतु जो घाईत आहे व एकटा आहे, त्यास नकार देण्याचे बळ राहत नाही.

उधारीचा भार तर डोळ्यांस दिसतच नाही. समजा, रोखीने १,००० रुपयांस मिळणारा माल उधारीवर १,१०० रुपयांस घेतला आणि ५ महिन्यांनी पैसे फेडले. वरचे १०० रुपये किरकोळ वाटतात. पण हिशेब केला असता हे व्याज वर्षास शेकडा २४ पडते. उलट, केंद्र शासनाच्या व्याजसवलत योजनेत ३ लाख रुपयांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज शेकडा ७ दराने मिळते व वेळेवर फेडणाऱ्यास ते शेकडा ४ दराने पडते. शिवाय ज्याची उधारी त्यालाच माल घालावा लागला, तर खरेदीतील परावलंबन विक्रीतही येते. म्हणून पीककर्जाचे कागद फाल्गुन-चैत्रातच पुरे करणे, ही खरेदीतील पहिली काटकसर होय.

गरज आधी, यादी नंतर

जे विकत घेण्याची गरजच नाही, ते न घेणे ही दुसरी काटकसर. कपाशीच्या संकरित वाणाचे बी दरसाल नवे घ्यावे लागते. सोयाबीनची गोष्ट तशी नाही. ते स्वपरागित पीक असल्याने सरळ वाणाचे घरचे निवडक बी पुन्हा पेरता येते. त्याची उगवण मात्र तपासून घेतली पाहिजे. निरनिराळ्या पोत्यांतून मिळून १०० दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, गोणपाट ओलसर राखावे आणि सुमारे आठवड्याने सशक्त कोंब मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवले तर ते बी पेरणीस योग्य समजावे. एवढ्या साध्या तपासणीने बियाण्याचा मोठा खर्च वाचतो.

खताचा भाव पोत्यावर न पाहता त्यातील अन्नांशावर पाहावा. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद असते. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तितक्याच वजनाच्या पोत्यात शेकडा १६ प्रमाणे ८ किलो स्फुरद असते. म्हणजे ३ पोत्यांत २४ किलो. त्यास सुमारे २० किलो युरियाची जोड दिली की नत्राचीही भरपाई होते. शिवाय तेलबियांस उपयुक्त असे गंधक मिळते ते वेगळेच. या दोहोंपैकी स्वस्त कोणते, हे त्या वेळच्या दरांवरून व वाहतुकीच्या खर्चावरून ज्याने त्याने काढावे. माती परीक्षणाची पत्रिका समोर ठेवून हा हिशेब केल्यास कित्येकदा यादीच आखूड होते.

एकत्र खरेदी : कोठे लाभ, कोठे नाही

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांस प्रारंभ झाला. २००२ च्या कंपनी कायद्यातील दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांचा मार्ग खुला झाला. साधने आहेत, पण एकत्र खरेदीने सर्वच वस्तू स्वस्त होतात, अशी समजूत करून देणे योग्य नव्हे. युरियाचा कमाल दर शासन ठरविते. तेथे घासाघिशीस फारसा वाव नाही. अनुदानित खत तर पॉस यंत्रावर प्रत्येक शेतकऱ्याची ओळख पटवूनच दिले जाते. तेथे बचत होते ती एकाच गाडीने माल आणल्याने आणि जोडविक्रीस दहाजणांनी मिळून नकार दिल्याने. बियाणे, ठिबकच्या नळ्या, ताडपत्री, बारदाना यांत मात्र दरातही सूट मिळू शकते. कीटकनाशके आगाऊ घेऊन साठवू नयेत. कीड आली व तिने नुकसानीची पातळी ओलांडली, तरच ती घ्यावीत.

पद्धत साधी असावी. १ मेच्या सुमारास गावात बैठक घ्यावी. प्रत्येकाची गरज लिहून काढावी. निदान तीन विक्रेत्यांकडून लेखी दर मागवावेत व ते सर्वांसमक्ष वाचावेत. ज्याने रक्कम आगाऊ भरली, त्याचीच मागणी नोंदवावी. माल उतरवून घेताना मोहोर, खूणचिठ्ठी, लॉट क्रमांक व मुदत पाहावी. प्रमाणित बियाण्याची खूणचिठ्ठी निळी असते. प्रत्येकाच्या नावे पक्की पावती घ्यावी. पिशवी, खूणचिठ्ठी व मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. उगवण न झाल्यास तालुका तक्रार निवारण समितीपुढे हाच पुरावा उपयोगी पडतो.

यावर अनेक गावांतून एक आक्षेप येईल : एकत्र खरेदी पूर्वीही झाली आणि चारजणांनी पैसे खाल्ले. हा आक्षेप खोटा नाही. पण दोष एकत्र येण्याचा नसून हिशेब झाकून ठेवण्याचा आहे. पैसे ठेवणारा एक, माल मोजून घेणारा दुसरा व वही लिहिणारा तिसरा, अशी वाटणी असावी. दरमहा हिशेब व इतिवृत्त लिहिण्याची सवय बचत गटांतील महिलांस असते. वही त्यांच्याकडे सोपविणे हिताचे ठरेल. माल वाटल्यावर आठ दिवसांच्या आत सर्व हिशेब चावडीवर लावावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः पैसे हाताळू नयेत व कोणत्याही दुकानाची शिफारस करू नये. बैठक वेळेवर बोलाविणे, अन्नांशाचा हिशेब समजावून देणे आणि लहान खातेदाराची मागणी यादीतून सुटत नाही ना हे पाहणे, हे त्याचे काम. मोठा बागायतदार स्वतःच्या बळावर सवलत मिळवितो; दोन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यास ती मिळण्याचा मार्ग एकजुटीचाच आहे. प्रारंभ दहा कुटुंबांनी व एखाद्या वस्तूने केला तरी पुरे. येत्या हंगामाची यादी मृगाची वाट न पाहता वैशाखातच तयार व्हावी.