शेकोटी हवी, पण वाळूवर नको

थंडीशी मालवणचा संबंध बेताचाच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सतरा-अठरा अंशांपर्यंत उतरला की तारकर्ली-देवबागात कानटोप्या बाहेर पडतात आणि त्याच वेळी पुण्या-नाशिकचा पाहुणा अर्ध्या चड्डीत चहा पीत उभा असतो. मात्र दिवस मावळला की याच पाहुण्याला किनाऱ्यावर जाळ हवा असतो. ऊब हे नुसतं निमित्त. हवं असतं ते जाळाभोवतीचं कोंडाळं, बेसूर गाणी, मोबाइलमधले तांबूस चेहरे आणि पानात तळलेली सुरमई. यात वावगं काही नाही. शिमग्याला गावची होळी उभी करणाऱ्या कोकणाने विस्तवाच्या ओढीवरून कुणाला नावं ठेवावीत, अशी परिस्थितीच नाही. वाद आहे तो जाळ कुठे पेटवायचा आणि कशावर पेटवायचा, एवढाच.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्यानंतर बरीच वर्षं पर्यटक यायचा तो एसटीने किंवा कोकण रेल्वेने, आणि राहायचा कुणाच्या तरी घरी. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन मालवणात साजरा झाला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची दृश्यं देशभर पोचली. रखडत का होईना, मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत आला. दरम्यान २०२१ मध्येच राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे झोपायची, रांधायची आणि न्हाणीची सोय असलेली गाडी घ्यायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं. अशा गाड्या अजून थोड्या आहेत. पण गाडीच्या टपावर तंबू बांधून येणारे, घडीच्या खुर्च्या आणि बार्बेक्यूची जाळी डिकीत घालून येणारे आता पुष्कळ दिसतात. त्यांच्या सामानात एका नव्या वस्तूची भर पडू लागली आहे : गॅसवर चालणारी फिरती शेकोटी.

वस्तू साधी आहे. लोखंडी परात, तिच्यात गोल बर्नर, त्यावर लाव्हाच्या खडकाचे तुकडे आणि खालून सिलिंडरला जोडलेली नळी. कळ फिरवली की जाळ, उलटी फिरवली की अंधार. अमेरिकेत ती कॅराव्हॅनवाल्यांमध्ये लोकप्रिय झाली, त्यामागे हौसेइतकंच कायद्याचंही कारण आहे. कॅलिफोर्नियासारख्या पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्यात वणव्यांचा धोका वाढला की लाकडाच्या शेकोट्यांवर बंदी येते. गॅसच्या शेकोटीला मात्र अनेक ठिकाणी मुभा असते, कारण तिच्यातून ठिणगी उडत नाही आणि झडप बंद केली की ती तत्काळ विझते. तिथेही ही मुभा सरसकट नाही. कॅलिफोर्नियाच्या कित्येक जंगलांत साधी गॅसची शेगडी पेटवायची तरी आधी परवाना काढावा लागतो.

आता आपल्या वाळूवर या. तारकर्लीत किंवा आचऱ्याच्या किनाऱ्यावर शेकोटीला लाकूड कुठून येतं? माडाची चुडतं आणि सोडणं विकत देणारे आहेत. बाकीचं सुरूच्या बनातून ओढून आणलं जातं. वाऱ्याला आणि सरकत्या वाळूला आडोसा म्हणून लावलेली ही बनं. त्यांच्याखाली सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड थर पडलेला असतो, आणि जानेवारीनंतर तो काडीची वाट बघत असल्यासारखा कोरडा होतो. संध्याकाळी खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत असतो. म्हणजे शेकोटी पेटवायच्या नेमक्या वेळी ठिणग्यांची दिशा सुरूच्या बनाकडे आणि त्यामागच्या वाड्यांकडे असते. रात्री उशिरा मतलई सुटते आणि ठिणग्या समुद्राकडे जातात, पण तोवर मंडळी जेवायला उठलेली असतात. आंबा-काजूच्या बागा वणव्यात गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचणाऱ्या जिल्ह्याला यापुढचं सांगायला नको.

निखाऱ्यांची गोष्ट वेगळी, आणि जास्त फसवी. शेकोटी विझवायची म्हणून लोक तिच्यावर पायाने वाळू लोटतात आणि निघून जातात. वाळू उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे खालचे निखारे कित्येक तास धगधगत राहतात, आणि वरून दिसतं ते स्वच्छ, सपाट वाळवंट. पहाटे रापणीचं जाळं ओढायला आलेली माणसं अनवाणी असतात. दोरी खेचताना त्यांचे पाय वाळूत घोट्यापर्यंत रुततात. सकाळी खेळायला धावलेलं पर्यटकाचं पोरही अनवाणीच असतं. निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं तर प्रश्न मिटतो, आणि पाणी तर पन्नास पावलांवर असतं! तरी ते आणायचे कष्ट कुणी घेत नाही. मग वाळूवर काळी वर्तुळं उरतात, त्यांत अर्धवट जळलेली खिळ्यांची फळकुटं आणि काचा. भरतीची रेघ जिथवर पोचते तिथवरचं समुद्र धुऊन नेतो. वरचं तसंच राहतं.

या हिशेबात गॅस उजवा ठरतो, यात शंका नाही. धूर नाही, ठिणगी नाही, निखारा नाही, सुरूची फांदी मोडायला नको. पण त्याचा दुसरा हिशेब मांडल्याशिवाय त्याला शाबासकी देणं घाईचं होईल.

अमेरिकेत खपणाऱ्या अशा शेकोट्यांपैकी लोकप्रिय नमुन्यांची क्षमता तासाला ५८ हजार बीटीयू, म्हणजे साधारण १७ किलोवॅट असते. घरच्या शेगडीचे सात-आठ मोठे बर्नर एकदम पेटवावेत, तेवढी. पूर्ण जाळावर ती तासाला सव्वा किलोच्या आसपास गॅस पिते. तीन तासांच्या मैफलीला पावणेचार किलो गेला. १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर बारा तासही पुरणार नाही. उज्ज्वला योजनेतलं कुटुंब वर्षाला सरासरी चार सिलिंडर वापरतं. तेवढ्या गॅसवर ही शेकोटी पंधरा-सोळा संध्याकाळी चालेल. हा आकडा कुणाला अपराधी वाटावं म्हणून दिलेला नाही. हौसेला मोल असतंच. पण ते हौस करणाऱ्याने मोजावं. घरगुती वापराचं सिलिंडर धंद्यासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे रिसॉर्टवाला पाहुण्यांसाठी गॅसची शेकोटी पेटवत असेल तर तिच्याखाली १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडरच दिसलं पाहिजे, स्वयंपाकघरातून उचलून आणलेलं लाल सिलिंडर नव्हे.

सिलिंडरच्या जोडणीत तर आपली जुगाडू बुद्धी हमखास जागी होते. परदेशातून मागवलेल्या शेकोटीची नळी तिकडच्या आट्याच्या टाकीसाठी असते. आपल्या सिलिंडरला खटका दाबून बसणारा रेग्युलेटर लागतो. मग बाजारातून कसला तरी जोड आणायचा, वर क्लिप आवळायची. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर एवढ्या ओघासाठी बनवलेला नसतो. पाच किलोच्या लहान सिलिंडरमधून इतका गॅस खेचला की आतला द्रव वेगाने उकळून सिलिंडर गार पडतं, बाहेरून घाम फुटतो आणि जाळ मंदावतो. मग ते उन्हात ठेवा, गरम पाणी ओता, जाळाजवळ सरकवा, असे सल्ले सुरू होतात. यातला शेवटचा सल्ला पाळणाऱ्याला पुढे सल्ले ऐकायची संधी मिळेलच असं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर न जाता खाली बसतो, खळग्यात साठतो. वाळूत परात बसवायला खणलेला खड्डा त्याला आयताच मिळतो.

रात्र वाढून गारठा जाणवू लागला की कुणीतरी म्हणतं, ही शेकोटी आतच घेऊया. गाडीत किंवा तंबूत. इथे मस्करी थांबवावी लागते. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथल्या रिसॉर्टमध्ये केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुलं, बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातच वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. तिथे गॅसची शेकोटी नव्हती. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूचा उगम कोणताही असो, त्याला रंग नसतो, वास नसतो, आणि कॅराव्हॅन म्हणजे शेवटी चाकांवरची बंद खोलीच. मालवणच्या हवेत रात्री अंगावर चादर पुरते.

गॅसने सुटत नाही असा एक प्रश्न मात्र उरतोच, आणि तो उजेडाचा.

वायंगणी, मोचेमाड, आचरा, तोंडवळी, तांबळडेग या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, बहुधा रात्री किंवा पहाटे, आणि जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे धावत सुटतात. निसर्गाच्या हिशेबात ती दिशा समुद्राची असते, कारण जमिनीकडे झाडांची काळी भिंत आणि पाण्यावर चांदण्यांचा उजेड. किनाऱ्यावर दिवा किंवा जाळ असला की हिशेब चुकतो. पांढरा-निळसर उजेड त्यांना जास्त खेचतो, ज्योतीचा तांबूस उजेड त्या मानाने कमी, हे खरं. पण काळोख्या वाळूवर पंधरा-वीस फुटांवर पेटलेला जाळ कमी खेचतो म्हणजे खेचत नाही असं नाही. जगात इतरत्र पिल्लं थेट शेकोटीत शिरल्याच्या नोंदी आहेत. वर येणारी मादीही उजेड आणि हालचाल पाहून अंडी न घालता माघारी वळते. वन विभाग आणि गावातले कासवमित्र अंडी गोळा करून कुंपणाच्या आत ठेवतात, पण प्रत्येक घरटं त्यांना सापडतं असं नाही. हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीत. आणि पर्यटनाचा हंगाम? तोही नेमका नोव्हेंबर ते मे.

उजेडाने समुद्रातलं जीवन कसं बिघडतं हे मालवणच्या मच्छीमाराला कुणी शिकवायची गरज नाही. एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या नौकांविरुद्ध इथला पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरला, समुद्रातही भिडला. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली तरी तक्रारी थांबल्या नाहीत. पाण्यावरच्या दिव्यांविरुद्ध इतका चिवट लढा देणाऱ्या किनाऱ्याने वाळूवरच्या जाळाबद्दल गप्प बसावं, हे पटत नाही.

म्हणून नियम दोन ओळींत मावेल असा हवा. भरतीच्या रेषेपासून सुरूच्या बनापर्यंतच्या वाळूवर कसलाच जाळ नको, लाकडाचा नको आणि गॅसचाही नको. त्यामागे, कॅराव्हॅन पार्कात आणि घरांच्या अंगणात, समुद्राच्या बाजूने आडोसा असलेली जागा ठरवून तिथे गॅसची शेकोटी खुशाल पेटावी. कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्याला पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय करावी लागतेच. त्यात विस्तवाचा एक पक्का चौथरा, व्यावसायिक सिलिंडर आणि पाण्याच्या दोन बादल्या यांची भर पडली तर त्याचं दिवाळं निघणार नाही. दहा गाड्यांनी दहा परातींत गॅस जाळण्यापेक्षा एका जाळाभोवती दहा कुटुंबं बसली तर गॅसही वाचेल, आणि कदाचित ओळखीही होतील.

यावर ठरलेला आक्षेप येईल : असे नियम केले तर पर्यटक गोव्याला जाईल. जाऊ द्या की! जो फक्त वाळूवर जाळ करायला येतो तो तसाही गावात फारसा पैसा सोडत नाही. लाकूड बनातलं, पाणी बाटलीतलं, जेवण डिकीतलं. निवास-न्याहारी योजनेतल्या घरांच्या अंगणात मात्र शेकोटीबरोबर सोलकढी, घावणे आणि भरलं पापलेट विकलं जाईल. माडाखालच्या अंगणात बसून समुद्राची गाज ऐकू येतेच. दिसत नाही एवढंच, आणि रात्री तो वाळूवरूनही दिसत नाही.

अडचण आहे ती नियम कुणी करायचा याची. किनाऱ्यावर सागरी मंडळ आहे, वन विभाग आहे, महसूल खातं आहे, ग्रामपंचायत आहे, आणि प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. वरून लादलेल्या नियमाबद्दल इथे जुना संशयही आहे. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून आपल्या मासेमारीवर गदा येईल या भीतीने मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यामुळे हा ठराव मुंबईच्या परिपत्रकापेक्षा ग्रामसभेतून आलेला बरा, आणि रापणकर संघांनी तो मांडला तर त्याहून बरा. पहाटे वाळूवर उतरणारी माणसं तीच आहेत, रात्री कुणी कुठे काय पेटवलं हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं. दंडाची पावती फाडायचा अधिकार पंचायतीकडे आणि दंडातला वाटा कासवमित्रांच्या मानधनाकडे, असं ठरवायला सप्टेंबरपर्यंतचा वेळ आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावर तसाही कुणी शेकत बसत नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या पाहुण्यांची बुकिंगं गणपती गेले की सुरू होतात.