माथ्याच्या चार पावलं अलीकडे

25 मे 1955. जो ब्राउन आणि जॉर्ज बँड हे ब्रिटिश गिर्यारोहक 8,586 मीटर उंच कांचनजंगावर पोहोचले आणि माथा हाताशी असताना थांबले. सिक्कीमच्या लोकांसाठी हे शिखर पवित्र. त्याचा माथा तुडवणार नाही, असा शब्द मोहिमेने आधीच दिला होता. दुसऱ्या दिवशी वर आलेल्या जोडीनेही तो पाळला. तिथे बघायला कुणीही नव्हतं, हे लक्षात घेतलं की या थांबण्याची खरी उंची कळते.

कैलास 6,638 मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून दोन हजार मीटरने ठेंगणा. तरी त्यावर कुणी चढल्याची नोंद नाही. हिंदू, बौद्ध, जैन त्याला प्रदक्षिणा घालतात. तिबेटच्या बोन धर्माचे लोक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. वाट सुमारे 52 किलोमीटरची, मध्ये 5,600 मीटरवरची डोल्मा खिंड. काही तिबेटी भाविक ही सगळी वाट दंडवत घालत पार करतात. जत्रेतलं लोटांगण पाहिलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग आपल्या कळसूबाई शिखरावरच काय बिनसतं?

1,646 मीटरवर देवीचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात पंचक्रोशीतले लोक अनवाणीही चढतात. पावसाळी रविवारी मात्र लोखंडी शिड्यांवर रांगा लागतात, पाठीवरच्या स्पीकरवर गाणी वाजतात आणि वाटेवर प्लास्टिकच्या बाटल्या उरतात. शांतता शोधायला निघालेल्यांनीच ती मोडावी, हे दुखतं. स्पीकर घरी ठेवावा, बाटली परत न्यावी, पायथ्याच्या बारी गावात जेवावं आणि डोंगराची गोष्ट तिथल्याच एखाद्या आजीकडून ऐकावी.