वर्दी देताना काय सांगाल?

गावात कुणाचं डोकं फिरलं आणि तो कोयता घेऊन अंगणात उभा राहिला, तर आपण काय करतो? पोलीस पाटलाला बोलावतो. पाटील ठाण्याला फोन लावतात, ‘साहेब, एक जण कोयता घेऊन फिरतोय, लवकर या.’ झाली वर्दी! पोरगा कैक वर्षं आजारी आहे, गोळ्या बंद पडल्यात, घरात म्हातारी आई आहे, हे सांगायचं राहूनच जातं. गाडीतून उतरणाऱ्या शिपायाला मग आजारी माणूस दिसत नाही, कोयता दिसतो.

ही चूक केवढ्याला पडते, ते अमेरिकेतल्या मेम्फिस शहराने सप्टेंबर १९८७ मध्ये पाहिलं. २७ वर्षांचा एक मनोरुग्ण तरुण सुरीने स्वतःलाच भोसकून घेत होता. आईने पोलिसांना फोन केला. मदतीसाठी, बरं का! पोलिसांनी सुरी टाक म्हणून दरडावलं, त्याने ऐकलं नाही, तो त्यांच्या रोखाने धावला आणि गोळ्या सुटल्या. पोरगा गेला.

शहर खवळलं. १९८८ मध्ये तिथल्या पोलिसांनी, डॉक्टरांनी आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनेने मिळून नवी पद्धत बसवली. गस्तीवरच्या पोलिसांतून जे स्वखुशीने पुढे येतील त्यांना ४० तासांचं शिक्षण द्यायचं. लांब उभं राहा, आवाज चढवू नका, एकानेच बोला, घाई करू नका, हा त्याचा गाभा. आणलेल्या रुग्णाला इस्पितळाने लगेच ताब्यात घ्यायचं. पुढे शेकडो गावांनी ही पद्धत उचलली. तिने रुग्ण तुरुंगाऐवजी दवाखान्यात पोचू लागले, पण गोळ्या थांबल्या असं काही अभ्यासक छातीठोकपणे म्हणत नाहीत. वॉशिंग्टन पोस्ट या दैनिकाने २०१५ ते २०२४ अशी नोंद ठेवली. पोलिसांच्या गोळीने तिथे वर्षाला हजाराच्या आसपास माणसं मेली, त्यांत साधारण पाचांतला एक मानसिक आजाराचा.

बहिऱ्यामुक्यांचीही तीच गत. २०१७ मध्ये ओक्लाहोमा शहरात हातात लोखंडी नळी असलेल्या एका बहिऱ्या माणसाला पोलिसांनी गोळी घातली. ‘त्याला ऐकू येत नाही हो,’ असं शेजारी ओरडत होते!

आपल्याकडचा शिपाई एवढ्या लवकर बंदूक काढत नाही, हे खरं. पण काठी, दोर आणि कोठडी? त्यात गावकरीच पुढे असतात, हे आपण कबूल करावं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ याबाबत स्वच्छ बोलतो. भटकणारा, स्वतःला सांभाळू न शकणारा किंवा धोका वाटणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य. २४ तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. साखळीने बांधायलाही बंदी आहे. अटकेच्या कायद्यातही, ज्याच्यावर फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही अशाचा जीव घेण्याचा हक्क पोलिसाला दिलेला नाही.

कायदा कागदावर राहतो तो इथे, की फौजदाराला हा आजारी माणूस आहे हे कुणी सांगतच नाही. म्हणून ११२ ला किंवा ठाण्याला फोन करताना पहिलं वाक्य ‘माणूस आजारी आहे’ हे असू द्या. हत्यार असेल तर तेही लपवू नका. काय आहे, कुठे उभा आहे, ऐकू येतं का, कुणाचं ऐकतो, हे सांगा. गाडी येईतो पोराटोरांची गर्दी हटवा. हत्यार नसेल आणि नुसती बडबड, जागरण, संशय एवढंच असेल, तर आधी १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर बोला. पैसे पडत नाहीत. पोलीस पाटलांनी आपल्या गावातली अशी घरं माहीत करून घ्यावीत, पण चावडीवर त्यांची चर्चा करू नये. आणि घरच्यांनी डॉक्टरची चिठ्ठी ट्रंकेत न ठेवता दाराजवळच्या खुंटीला अडकवावी.